कप्तानांचं उलटं स्टिअरिंग

कप्तानांनी जहाज पाहिलं होतं ते फक्त कॅलेंडरवरच्या चित्रात. तरीही अख्खी गल्ली त्यांना कप्तान म्हणायची, आणि कुणी तशी हाक मारली की तेही मान वळवायच्या आधी छाती थोडी पुढे काढायचे. हे नाव त्यांना ट्रॅक्टरमुळे पडलं होतं. ट्रॅक्टर म्हणजे शेतं पालथी घालणारा धिप्पाड ट्रॅक्टर नव्हे. रोपवाटिकेच्या दोन शेडमधल्या वाटेतून जेमतेम जाईल एवढाच तो होता. पुढे माती उचलायचं बकेट, मागे ट्रॉली अडकवायचा हूक, आणि मूळ रंग कोणता होता यावर घरात दोन मतं होती. पण कप्तान त्याच्या सीटवर बसले की असे बसत, जणू खाली समुद्र आहे आणि बाकी आपण सगळे त्यात पोहत आहोत.

ट्रॅक्टर जुना, त्यामुळे पॉवर स्टिअरिंग वगैरे लाड त्याला ठाऊक नव्हते. बकेट ओल्या मातीने भरलं की सगळं वजन पुढच्या चाकांवर यायचं आणि चाकं जमिनीला चिकटून बसायची. मग स्टिअरिंग फिरवायला माणसाला सीटवरून अर्धं उठावं लागायचं. कप्तान उठायचे, दात-ओठ खायचे, मानेच्या शिरा ताणायचे आणि ट्रॅक्टर वळायचा. बघणाऱ्याला वाटावं, हा डिझेलवर चालतच नाही, कप्तानांवर चालतो. कप्तानांचंही तेच मत होतं.

रोपवाटिका खरं म्हणजे त्यांची बायको चालवायची. तिला सगळी गल्ली वहिनी म्हणायची. कलमं वहिनी बांधायच्या, बी वहिनी पेरायच्या, गिऱ्हाइकाच्या कुंडीतल्या मेलेल्या झाडाबद्दल गिऱ्हाइकाचंच सांत्वन वहिनी करायच्या. चाळीस वर्षं रोपवाटिकेत काढूनही कप्तानांना गुलाब फुलल्याशिवाय ओळखता येत नसे. त्यांचं काम एकच, ट्रॅक्टर. पण ते एक काम असं होतं की त्याच्याशिवाय बाकीचं सगळं अडून बसे. पिशव्या भरायच्या तर माती हवी, माती हवी तर ट्रॅक्टर हवा, आणि ट्रॅक्टर हवा तर कप्तान हवेत. ते बहुधा शेजारच्या सुताराच्या कारखान्यात लाकडाच्या ओंडक्यावर बसून चहा घेत असायचे. वहिनी निरोप पाठवायच्या. कप्तान कप संपवायचे, बशी संपवायचे, मग उठायचे. आपल्यावाचून कुणाचं तरी अडलंय, हे सुख त्यांना चहापेक्षा जास्त आवडायचं.

लग्नानंतर थोड्याच वर्षांत वहिनींनी म्हटलं होतं, "मलाही शिकवा ना चालवायला. सारखी तुमची वाट बघायला नको."

कप्तानांनी अजिबात आढेवेढे घेतले नाहीत. लगेच सीटवर बसवलं. फक्त त्याआधी बकेट काठोकाठ ओल्या मातीने भरून घेतलं आणि ट्रॅक्टर जागच्या जागी उभा ठेवून म्हणाले, "हं, वळव." वहिनींनी दोन्ही हातांनी जोर लावला, पाय रोवले, चेहरा लालबुंद झाला, तेव्हा स्टिअरिंग बोटभर हललं. "बघितलंस?" कप्तान हळुवारपणे म्हणाले. "मी नको म्हणत नाही. तुझे हात नको म्हणतायत." पुढे वहिनींनी आणखी काही वेळा विचारलं आणि दर वेळी त्यांना तितक्याच प्रेमाने बसवण्यात आलं. कप्तान हे मुद्दाम करत होते असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण चुकूनसुद्धा एकदाही बकेट रिकामं राहिलं नाही, हेही खरं. शेवटी वहिनींनी विचारणं सोडून दिलं.

आणि मग कप्तानांचा खांदा गेला. एकदम नाही, हळूहळू. आधी केस विंचरताना हात वर जाईना, मग शर्टाची बाही वहिनींना ओढून द्यावी लागे. डॉक्टरने हात वर केला, खाली केला, कप्तानांच्या तोंडून आलेले आवाज ऐकले आणि म्हणाला, "हा खांदा स्टिअरिंगला वापरायचा की शर्ट घालायला, ते तुम्ही ठरवा. दोन्हीला पुरणार नाही." कप्तानांनी घरी येऊन सांगितलं, "थोडी विश्रांती घ्या म्हणालाय." पण ट्रॅक्टरवरून उतरल्यावर आपण कोण, हा प्रश्न त्यांना आयुष्यात पहिल्यांदा पडला, आणि उत्तर काही बरं येत नव्हतं. ट्रॅक्टरवरून उतरलेले कप्तान म्हणजे वहिनींचे नुसते यजमान. रोपवाटिकेत खुर्ची टाकून बसलेले, गिऱ्हाइकांना 'थांबा, ती येईल' असं सांगणारे.

या अडचणीतून वाट काढली मेहुण्याने, म्हणजे वहिनींच्या धाकट्या भावाने. मेहुणा इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. त्यामुळे वर आणि खाली या दोन दिशांत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. डावं-उजवं हा त्याच्या धंद्याचा विषयच नव्हता, पण तो तसं कबूल करणाऱ्यांतला नव्हता. मोबाइलवर पाच-सहा व्हिडिओ बघून तो आला आणि म्हणाला, "भावजी, जुन्या ट्रॅक्टरला पॉवर स्टिअरिंग बसवता येतं. तेलाच्या दाबावर चालतं. खांद्याला कळणारसुद्धा नाही तुम्ही वळलात ते."

कप्तान आधी हसले. पॉवर स्टिअरिंग म्हणजे ज्यांच्या दंडात पॉवर नाही त्यांची सोय, असं ते म्हणाले. मग खाली पडलेला चमचा उचलायला गेले आणि खांद्याने असा काही हिसका दिला की चमचा तिथेच ठेवून म्हणाले, "मागव."

खोकं आलं. त्यात स्टिअरिंगच्या खांबाखाली बसवायचा व्हॉल्व होता, पुढच्या चाकांमध्ये आडवा बसणारा सिलिंडर होता, तेलाचा पंप, टाकी आणि काळे जाड पाइप होते. कसं जोडायचं ते सांगणारं चित्रही होतं. चित्रात प्रत्येक पाइपजवळ डावा-उजवा असं छापलेलं होतं, फक्त बघणारा माणूस ट्रॅक्टरवर बसलाय की समोर उभा आहे, हे दाखवायला चित्रकार विसरला होता.

शनिवारी काम सुरू झालं. मेहुणा वर, स्टिअरिंगच्या खांबाशी. कप्तानांना खांद्यामुळे खाली झोपता येईना, म्हणून ते बुटकं स्टूल घेऊन ट्रॅक्टरच्या तोंडाकडे तोंड करून बसले. जुना दांडा निघता निघेना, नट गंजलेले, दोघांचेही हात तेलाने माखले, मेहुण्याने बोट चेंगरून घेतलं, आणि एक वॉशर अखेरपर्यंत उरला. तो कुठला हे न कळल्यामुळे कप्तानांनी तो खिशात टाकला. शेवटी पाइप जोडायची वेळ आली. मेहुणा वरून एकेक पाइप खाली सोडू लागला. "हा डावा घ्या, भावजी." कप्तानांनी डावा पाइप आपल्या डाव्या हाताला जोडला. "हा उजवा." उजवा उजव्या हाताला. वहिनी पाने-पकडी हातात देत बाजूला उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही दोघं एकमेकांकडे तोंड करून बसलायत. डावा नेमका कोणाचा धरताय?"

"तू जरा चहा टाक," दोघं एका आवाजात म्हणाले. दिवसभरात त्यांचं एकमत झालं ते एवढ्याच बाबतीत.

नवीन तेल घातल्यावर पाइपांतली हवा काढावी लागते. पुढची चाकं जॅकवर उचलून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहायचं, टाकीत बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. कप्तान सीटवर बसून एका हाताने फिरवत होते आणि वाकून टाकीतले बुडबुडे बघत होते. मेहुणा समोर उभा राहून चाकांवर लक्ष ठेवून होता.

"डावीकडे घेतोय," कप्तान म्हणाले.

"डावीकडेच चाललंय," मेहुण्याने समोरून निर्वाळा दिला. त्याच्या बाजूने बघता ते अगदी खरं होतं.

वहिनी चहा घेऊन आल्या. कप्तान खाली उतरून हात पुसत होते. वहिनींनी ट्रे बाजूला ठेवला, सीटवर चढल्या आणि स्टिअरिंगला सहज एक बोट लावून बघितलं. ते फिरलं. त्यांनी परत फिरवलं, या टोकाला, त्या टोकाला, आणि हसल्या. फार मोठ्याने नाही. पण कप्तानांनी ते हसू ऐकलं आणि ते हात पुसायचे थांबले. खांदा वाचवायच्या नादात आपण काय करून बसलो, हे त्यांना तेव्हा कळलं. ज्या जडपणावर चाळीस वर्षं राज्य केलं, तो जडपणाच त्यांनी स्वतःच्या हाताने काढून, तेल पुसून, खोक्यात भरून ठेवला होता.

"आता काय, मीसुद्धा चालवीन," वहिनी म्हणाल्या.

"बघू," कप्तान म्हणाले.

संध्याकाळी उद्घाटन झालं. सुतार आला, गल्लीतले आणखी चार लोक आले. कप्तानांनी ट्रॅक्टर चालू केला, एक हात मुद्दाम मांडीवर ठेवला, जमलेल्यांकडे बघून मान डोलावली आणि फाटकाकडे जायला स्टिअरिंग ऐटीत उजवीकडे फिरवलं. ट्रॅक्टर डावीकडे गेला. कप्तानांनी आणखी उजवीकडे फिरवलं. ट्रॅक्टर आणखी डावीकडे गेला आणि मातीच्या कुंड्यांच्या रांगेत शिरला. एकामागून एक कुंड्या फुटत गेल्या, आणि रांग संपल्यावर ट्रॅक्टर थांबला. टाळ्या वाजवायला उचललेले हात लोकांनी हळूच पाठीमागे नेले.

पुढचा अर्धा तास 'डावा कोणाचा' यावर भांडण झालं. मेहुणा म्हणाला, डावा म्हणजे बसणाऱ्याचा. कप्तान म्हणाले, मी बसलेलोच होतो. मेहुणा म्हणाला, स्टुलावर नव्हे, सीटवर. कप्तान म्हणाले, ट्रॅक्टर माझा आहे, तेव्हा डावाही माझाच. सुताराने एक हात या बाजूला आणि एक त्या बाजूला करून विचार करून बघितला आणि तो घरी गेला.

"जाऊ द्या," मेहुणा म्हणाला. "दोन पाइपांची अदलाबदल करायची. हा आत्ता करतो."

त्याने पाना उचलला. कप्तानही वाकले. तेवढ्यात फुटक्या कुंड्या गोळा करता करता वहिनी म्हणाल्या, "करून टाक बाबा. उद्या सकाळी मी एक फेरी मारून बघते."

कप्तान सरळ झाले.

"राहू दे," ते म्हणाले.

"काय राहू दे?"

"आहे तसंच राहू दे. पाइप एकदा घट्ट बसलेत, परत खोलले तर गळतील. आणि उलटं आहे म्हणून काय झालं? सवयीचा प्रश्न आहे."

मेहुण्याने पाना हातात धरून त्यांच्याकडे बघितलं. लिफ्टचा माणूस असूनही त्याच्या डोक्यात काही वर चढेना.  वहिनींनी मात्र फुटकी खापरं घमेल्यात भरली आणि आत नेली.

दुसऱ्या दिवसापासून कप्तान भल्या सकाळी उठून मागच्या मोकळ्या जागेत उलट्या स्टिअरिंगचा सराव करू लागले. फार अवघड गेलं. उजवीकडे जायचं तर डावीकडे फिरवायचं, हे डोक्याला कळायचं, पण हातांना पटायचं नाही. हात चाळीस वर्षं एकच भाषा बोलत आले होते. कुंपणाचे खांब वाकले, पाण्याचा नळ मोडला, एकदा तर कप्तान कंपोस्टच्या ढिगाला प्रदक्षिणा घालत राहिले कारण बाहेर पडायला कुठे वळायचं तेच आठवेना. पण माणूस हट्टाला पेटला की काहीही शिकतो. हळूहळू, विचार करत, ओठांनी पुटपुटत त्यांना जमू लागलं. खांदा दुखत नव्हता आणि सीट शाबूत होती. कप्तानांचा जीव भांड्यात पडला.

मग त्यांनी याचं तत्त्वज्ञान केलं. रोपं घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकांना थांबवून ते सांगू लागले, "सरळ स्टिअरिंग काय, कुणीही फिरवतं. हे उलटं असण्यात मोठा फायदा आहे. समजा, चोर आला. बसला, निघाला, आणि थेट भिंतीवर. ट्रॅक्टर आपला घरातच." कुणी हसलं तर ते त्याला सीटवर बसवून म्हणायचे, "जा, फाटकापर्यंत घेऊन जा." सुताराने प्रयत्न केला आणि पाण्याच्या टाकीला टेकला. मेहुण्याने केला आणि शेडचा कोपरा काढला. जे जे बसले ते खजील होऊन उतरले. कप्तानांची छाती पुन्हा पुढे आली, किंबहुना आधीपेक्षा थोडी जास्तच. आधी ट्रॅक्टर चालवायला ताकद लागायची, आता ती विद्या झाली होती. वहिनींनाही त्यांनी मोठ्या मनाने विचारलं, "बघतेस का?" वहिनी म्हणाल्या, "नको, माझे हात मातीचे आहेत." कप्तानांना बरं वाटलं.

खांद्याला शेक घ्यायला त्यांना दवाखान्यात जावं लागे. आठवड्यातून दोनदा, दुपारी. परत आले की कधी दिसायचं, फाटकाशी टाकलेला मातीचा ढीग शेडजवळ आलाय.

"माती कुणी हलवली?"

"हलवली," वहिनी म्हणायच्या.

कप्तानांच्या डोळ्यांपुढे बिचारी बायको ढकलगाडीने माती वाहताना उभी राहायची आणि त्यांना वाईटही वाटायचं. "मी आल्यावर आणली असती ना," ते म्हणायचे. वहिनी ताकास तूर लागू द्यायच्या नाहीत. वाटेवर चाकांच्या ताज्या खुणा असायच्या, पण त्या आपल्याच, हे कप्तानांनी गृहीतच धरलेलं होतं. त्या वाटेवर दुसऱ्या कुणाच्या असणार होत्या?

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना सुताराने कारखान्यामागच्या खड्ड्यात टाकायला माती मागितली. कप्तानांनी बकेट भरलं आणि निघाले. कारखान्याकडे जाणारी गल्ली अरुंद, उजवीकडे भिंत आणि डावीकडे उघडं गटार. कप्तान गटारापासून अंतर राखत, ओठांनी पुटपुटत, मजेत चालले होते. कारखान्याच्या दारात सुतार आणि त्याची माणसं बघत उभी होती. आणि कोपऱ्यावरून अचानक पाववाला सायकलवर आला, गटाराच्या बाजूने, घंटी वाजवत.

विचार करायला वेळ असता तर कप्तानांनी बरोबर केलं असतं. पण वेळ नव्हता, आणि वेळ नसताना माणसाचे हात डोक्याला विचारत नाहीत. कप्तानांच्या हातांनी चाळीस वर्षं जे केलं होतं तेच केलं. पाववाल्याला वाचवायला त्यांनी स्टिअरिंग भिंतीकडे फिरवलं, म्हणजे उजवीकडे. ट्रॅक्टर डावीकडे गेला, सरळ पाववाल्यावर. पाववाल्याने सायकल टाकून भिंतीच्या बाजूला उडी मारली. पाव गल्लीभर पसरले. ट्रॅक्टरचं डावं चाक धप्पकन गटारात गेलं आणि भरलेलं बकेट पलीकडच्या काठावर टेकलं.

कुणाला खरचटलंही नाही. पण कप्तान सीटवर तिरके होऊन बसले होते, हात अजून स्टिअरिंगवर. पाववाला चार शब्द बोलला, तेवढा त्याचा हक्कच होता. कप्तानांना ते ऐकूही आले नाहीत. हा माणूस आत्ता माझ्या चाकाखाली आला असता, एवढंच त्यांच्या मनात होतं. आणि ते कशासाठी, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं, त्याने काही फरक पडत नव्हता.

मग ट्रॅक्टर काढायची खटपट सुरू झाली. सुतार चढला आणि चाक आणखी रुतवून उतरला. मेहुण्याला फोन करून बोलावलं. त्याने रिव्हर्स टाकून स्टिअरिंग एवढ्या आत्मविश्वासाने फिरवलं की मागचं चाकही गटाराच्या काठावर आलं. त्यानेही काखा वर केल्या. शेवटी कुणीतरी म्हणालं, रोपवाटिकेतून फळ्या आणि दोर मागवा. निरोप गेला आणि फळ्या घेऊन वहिनी स्वतः आल्या.

त्यांनी फळ्या भिंतीला टेकवल्या. ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली, वाकून चाक बघितलं. "आधी बकेट तरी रिकामं करायचं," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि सीटवर चढल्या.

"अगं, उतर," कप्तान म्हणाले. "उलटं आहे ते."

वहिनींनी ऐकलं नाही. त्यांनी बकेटचा डावीकडचा दांडा ओढून माती पलीकडे ओतली. मग रिकामं बकेट काठावर दाबलं, तसा ट्रॅक्टरचा पुढचा भाग आपोआप वर उचलला गेला आणि चाक गटारातून सुटलं. सुताराने चपळाईने चाकाखाली फळी सरकवली. वहिनींनी मागे वळून पाहिलं, रिव्हर्स टाकला, आणि स्टिअरिंग नुसत्या तळहाताने फिरवत, उलटं ते उलटंच फिरवत, ट्रॅक्टर मागे घेतला. भिंतीला लागला नाही, फळीवरून घसरला नाही. पुरेसा मागे आल्यावर तो गल्लीत सरळ उभा केला आणि इंजिन बंद केलं.

 पाव गोळा करून झाले तरी पाववाला सायकल धरून बघत उभा होता.

"कुठे शिकलीस?" कप्तानांनी विचारलं.

"तुम्ही शेक घ्यायला जायचात ना, तेव्हा. दारात माती पडून राहायची. गिऱ्हाइकाला आत यायला वाट नसायची."

"पण हे उलटं आहे. आम्हाला कुणाला जमत नाही."

"तुम्हाला सगळ्यांना आधी सुलटं येत होतं," वहिनी म्हणाल्या. "मला कुणी सुलटं शिकवलंच नाही. मी शिकले तेच हे."

कप्तान चारी मुंड्या चीत झाले. म्हणजे वरून उभेच होते, आतून चीत. त्यांना राग येईल असं त्यांना स्वतःलाच वाटलं होतं. तो आला नाही. लाज आली, आणि ती बरीच जुनी होती. ओल्या मातीने भरलेली ती सगळी बकेटं त्यांना एकदम आठवली.

मेहुण्याने खिशातून पाना काढला. "चला, आता तरी पाइप बदलू या. दहा मिनिटांचं काम."

"बदल," कप्तान ताबडतोब म्हणाले. "आत्ताच्या आत्ता बदल."

"नको," वहिनी सीटवरूनच म्हणाल्या. "मला याची सवय झालीय. आता सुलटं केलं तर माझे हात चुकायचे, आणि पुन्हा कुणीतरी पाववाला समोर यायचा."

"अगं, पण मग मी..."

"तुम्ही नाहीतरी खांद्याला जपायला हवं. आणि तुम्हीच सांगता ना सगळ्यांना, उलटं असण्यात केवढा फायदा आहे ते. चोरीची भीती नाही." त्या हे अगदी शांतपणे म्हणाल्या. सुतार हसू लपवायला लाकडाच्या फळीकडे निरखून बघू लागला.

कप्तानांनी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याने पाना खिशात ठेवला. या घरात वर कोण आणि खाली कोण, हे आता त्याच्या नीट लक्षात आलं होतं.

फोन अजूनही कप्तानांनाच यायचे. लोकांना वर्षानुवर्षांची सवय. पुढच्या आठवड्यात दवाखान्यातून फोन आला, तोच डॉक्टर. दवाखान्यामागे मातीचा भराव पसरायचा होता.

"कप्तान बोलतोय," ते नेहमीच्या भारदस्त आवाजात म्हणाले. "उद्या सकाळी? हो, हो. आपण उद्या सकाळी..."

आणि अडकले. समोर वहिनी कलम बांधत बसल्या होत्या. पट्टीचं एक टोक दातांत, एक हातात. कप्तानांनी फोनवर तळहात ठेवला. इतक्या वर्षांत बायकोला वेळ आहे का, असं त्यांनी कधी विचारलं नव्हतं. तिचा वेळ घरात असायचाच, लागेल तेव्हा उचलायचा. विचारताना त्यांचा आवाज त्यांच्याच कानाला अनोळखी वाटला.

"उद्या सकाळी जमेल का गं तुला?"

वहिनींनी घाई केली नाही. पट्टीचा शेवटचा वेढा घेतला, गाठ मारली, कलम सावलीत ठेवलं.

"भराव ओला आहे की कोरडा, ते विचारा आधी," त्या म्हणाल्या. "आणि आत जायची वाट किती रुंद आहे?"

कप्तानांनी फोन कानाला लावला आणि निमूटपणे ते दोन प्रश्न विचारले.